सात खणांची मालकीणबाई

खोली दाखवायच्या आधीच तिने अट सांगितली. "दारू पिणारा मला चालतो, मांजर पाळणारा चालतो, रोज सुकट भाजणारा पण चालतो. लघवी दाबून ठेवणारा माणूस माझ्या चाळीत चालणार नाही. नंतर म्हणू नका सांगितलं नव्हतं."

मी मंडळीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, बघितलं. मंडळीने छपराच्या पत्र्याकडे बघितलं.

"पत्र्याला काय बघता ताई," ती म्हणाली, "तिथे काही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते संडासाच्या दारावर. चला."

आणि खरंच, मोरी कुठे, चूल कुठे हे राहिलं बाजूला, तिने आम्हाला आधी संडासाचं दार दाखवलं. दारावर उरल्यासुरल्या ऑइलपेंटने सात चौकोनी खण रंगवलेले. पहिला जवळजवळ पांढरा. दुसरा ताकाच्या निवळीचा, तिसरा लिंबाच्या सरबताचा, चौथा पातळ वरणाचा, पाचवा मोहरीच्या तेलाचा, सहावा काकवीचा आणि सातवा कोऱ्या चहाचा. खाली तिच्याच अक्षरात: "एक ते तीन, आपल्या कामाला जा. चार-पाच, पाणी प्या. सहा-सात, मला भेटा. बीट खाल्लं असेल तर आधी सांगणे."

सकाळी दिवा स्टेशनाजवळच्या त्या चाळीत राम राम, नमस्कार काही नव्हतं. माणूस डबडं घेऊन बाहेर आला की ओट्यावरून हाक यायची, "किती?" आणि माणूस ओरडून सांगायचा, "तीन नंबर, मावशी!" एकदा शेजारच्या खोलीतल्या मुलीला बघायला कल्याणची माणसं आलेली. पोह्यांच्या बशा हातात, मुलगी खाली मान घालून बसलेली, आणि मागून तिच्या बापाची आरोळी आली, "मावशी, आज पाच आहे हो!" मुलाच्या आईने विचारलं, पाच काय? मालकीणबाई शांतपणे दारात येऊन म्हणाली, "त्यांच्या लघवीचा रंग. तुमचा किती?" लग्न जमलं, ही वेगळी गोष्ट. मुलाचा बाप म्हणे जाताना दार बघून गेला.

ठाण्याच्या एका मोठ्या इस्पितळात ती तीस वर्षं वॉर्डातली मावशी होती. नर्स नव्हे. नर्स सुई टोचते. मावशी भांडं देते, भांडं नेते आणि ओतण्याआधी किती झाली ते रेघ बघून सांगते. अशा कामाची लोक लाज धरतात, घरी सांगत नाहीत. ही मिरवायची. "पुढाऱ्याची पण मोजलीय आणि हमालाची पण," म्हणायची. "भांड्यात सगळे सारखेच."

आता मी कोण ते सांगतो, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. मी शिकलो चौथी, ती पण रडतखडत. पण ठाण्याच्या नगरपालिकेत पाण्यावर होतो, नंतर तिची महापालिका झाली तरी मी पाण्यावरच. लोक आम्हाला चावीवाला म्हणायचे. रस्त्यातलं झाकण उघडायचं, आत वाकायचं, आणि माणसाच्या छातीएवढी लोखंडी चावी फिरवून त्या गल्लीचं पाणी सोडायचं. कोपरीतल्या कुठल्या बोळात कुठली लाइन कुठल्या लाइनीखालून गेलीय हे साहेब लोक नकाशात शोधायचे, मी पायाने ठोकून सांगायचो. तेव्हा पाणी कसं वाहतं हे मला कुणी शिकवू नये, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

आणि नेमकं तेच ती शिकवायला बसायची.

पहिली ठिणगी पडली ती शब्दावरून. ओट्यावर गप्पा चाललेल्या. मी उठलो आणि चारचौघांत म्हणतात तसं म्हणालो, "जरा जाऊन येतो."

"कुठे? कल्याणला?"

"नाही हो, इथेच. जरा..."

"जरा काय?"

"एक नंबरला."

"एक नंबरला जलद गाडी लागते. चावीवाले, लघवी म्हणा. ल, घ, वी. तीन अक्षरं आहेत, जीभ झडत नाही."

मी म्हटलं नाही. तसाच जाऊन आलो. पुढची सात-आठ वर्षं म्हटलं नाही. तिने पण सोडलं नाही. मी उठलो की सगळी चाळ विचारायची, "काका, कल्याण का?"

तिचं खरं रूप बघायचं तर रविवारी. रविवारी सकाळी ओट्यावर तिचा वर्ग भरायचा. कुणी बोलावलेलं नसायचं, पण टँकर येईपर्यंत हंडे घेऊन सगळे रांगेतच असायचे, जाणार कुठे? ती समोर पाट टाकून बसायची आणि सुरू व्हायची. "पाठीला हात लावा. बरगडी संपते तिथे. दोन्ही बाजूला. आपापल्या मुठीएवढ्या दोन किडन्या तिथे बसल्यात. अंगातलं सगळं रक्त फिरून फिरून तिथे येतं."

"गाळायला," मी म्हणायचो. "आम्ही पण पाणी गाळतोच."

"तुम्ही गाळता ते चहासारखं. चोथा वर, चहा खाली. किडनी असं करत नाही. किडनी दिवाळीची साफसफाई करते." मग ती पाटावरून उठायचीच. "आपण काय करतो? कचरा शोधत बसत नाही. सगळं घर अंगणात काढतो. डबे, गाद्या, देव, फोटो, सगळं बाहेर! मग एकेक वस्तू पुसायची, लागते ती आत, नको ती भंगारात. तसंच. रक्तातलं पाणी, साखर, मीठ सगळं आधी जाळीतून बाहेर. आणि पुढे बारीक नळी असते ती म्हणते, साखर आपली, आत घ्या. मीठ लागेल तेवढं आत घ्या. पाणी आपलं, आत घ्या. दिवसाला दीड-दोनशे लिटर बाहेर काढते आणि बहुतेक सगळं परत आत घेते. शेवटी दीड-दोन लिटर उरतं. ती लघवी. अशा लाखो नळ्या आहेत एकेका किडनीत. आणि तुम्ही तिला घाण म्हणता! घरातलं भंगार आहे ते, आपल्याच घरातलं."

हंडे घेतलेल्या बायका 'अगं बाई' म्हणायच्या. मला मनातून पटायचं. दोनशे लिटर काढून दोन लिटर सोडणारी यंत्रणा माझ्या सगळ्या नोकरीत मी बघितली नव्हती. आमच्याकडे अर्धं पाणी वाटेतच गायब. पण तोंडाने कबूल करणं वेगळं.

खरी जुंपली ती उतारावरून. किडनीतून लघवी खालच्या पिशवीत येते ती दोन नळ्यांनी, हे मान्य. मी म्हटलं, "उतार आहे, म्हणून येते. पाणी उताराने येतं किंवा पंपाने. तिसरं काही नसतं."

"आणि तुम्ही आडवे झोपलात की? उतार कुठे गेला?"

यावर मी आवाज चढवला. तिने आवाज चढवला नाही. आत गेली, एक परकर आणि एक नाडी घेऊन आली. भर ओट्यावर. नाडीला पिन लावली, नेफ्यात घातली आणि मला म्हणाली, "बघा हां. मागून चुणी करायची, पुढे सरकवायची. मागून चुणी, पुढे सरक. नाडी उताराने जाते का? परकर उलटा धरला तरी जाते. तशी ती नळी स्वतःच आकसते, आणि थेंब पुढे ढकलते. आकसते, ढकलते. डोकं खाली पाय वर केलेत तरी पिशवीतच येणार."

"बघू," मी म्हटलं.

आणि खरंच बघितलं. दुपारी दार लावून घेतलं, दोन तांबे पाणी प्यालो आणि भिंतीला पाय वर लावून चटईवर पडलो. मंडळी डाळ निवडत होती. "काय चाललंय?" म्हणाली. म्हटलं, "उतार बंद केलाय." तास-दीड तास पडलो, पाय बधिर झाले, डोक्यात रक्त उतरलं, आणि आली! अशी जोराची आली की उठता उठता भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन खाली आलो. बाहेर आलो तर मंडळीने आधीच बातमी पोचवलेली. मालकीणबाई ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभी. "काय चावीवाले, उतार कुठल्या बाजूला होता?"

"ती आधीची शिल्लक होती," मी म्हटलं.

ती एवढी हसली की खांबाला धरून खाली बसली.

एक मात्र तिने सांगितलं आणि मी जागच्या जागी गार झालो. त्या दोन नळ्या पिशवीत सरळ नाही शिरत, तिरक्या शिरतात. पिशवी भरली, दाबली गेली की नळीचं तोंड आपोआप मिटतं, लघवी उलटी वर जात नाही. म्हणजे एनआरव्ही! आमच्या लाइनीला असतो तो, पाणी मागे न सोडणारा व्हॉल्व्ह. साहेबाच्या मागे लागून लागून कोपरीच्या एका लाइनीला मी तो बसवून घेतला होता. आणि माझ्याच पोटात दोन, जन्मापासून, फुकट! त्या दिवशी मी दिवसभर पोटाला हात लावून हिंडलो.

ती अशी का होती, हे मला मंडळीकडून कळलं. मालकीणबाईचा नवरा बसचा ड्रायव्हर होता. लाजाळू माणूस. पिशवी भरलेली घेऊन दिवस दिवस गाडी हाकायचा, पुढे पुढे त्रास व्हायला लागला तरी बायकोपुढे तो शब्द तोंडातून काढला नाही. कळलं तेव्हा दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. त्यातच गेला. जिने वॉर्डभर माणसांची भांडी उचलली, तिला घरातल्या माणसाचं कळलं नाही. मंडळीला एवढंच एकदा म्हणाली, पुन्हा कधी नाही. मी पण विषय काढला नाही.

ती जाऊन आता दोन वर्षं झाली. म्हातारपण, हृदय, बाकी काही नाही. इस्पितळात आम्ही भेटायला गेलो तर डोळे मिटलेले. मला वाटलं शुद्ध नाही. तर एक डोळा उघडून खाटेला लावलेल्या स्वतःच्या लघवीच्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "दीडशे पण नाही. सकाळपासून." मग माझ्याकडे बघून, "रंग पण सहा." वॉर्डातली नवीन मावशी जवळच होती, तिला पिशवी कशी धरायची ते दाखवलं. तिसऱ्या दिवशी गेली. असो.

मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

माझं वय झालं तशी माझी धार बारीक झाली. उभं राहायचं, वाट बघायची, थेंब थेंब. झाली म्हणून निघावं तर परत. हे मी कुणाला सांगणार? मी, ज्याने अर्ध्या कोपरीला पाणी सोडलं! सकाळी ओट्यावरून "किती?" आलं की मी खुशाल "तीन!" ओरडायचो आणि खरं काम करायला स्टेशनाकडच्या सार्वजनिक मुतारीत जायचो. तिथे माझ्या बाजूची तीन-तीन माणसं येऊन जायची, मी आपला उभा. वर्षभर असं चाललं. मंडळीला वाटलं मी फिरायला जातो.

आणि एका सकाळी काहीच नाही. थेंब नाही. स्टेशनाकडून परत आलो, परत गेलो, परत आलो. नाही.

आता कुणी दुसरा असता तर घाबरला असता. मी विचार केला. शेवटच्या गल्लीला पाणी पोचत नसेल तर चावीवाला काय करतो? वरून दाब वाढवतो. टाकीतून जास्त सोडलं की टोकाला धार येते. आयुष्यभर हेच केलं. मी पाच तांबे पाणी प्यालो. वर धण्याचं पाणी. वर दोन शहाळी. मंडळी म्हणाली, "आज काय व्रत आहे का?" म्हटलं, "तू गप बस, दाब बनतोय."

दाब बनला. दुपारी दोनपर्यंत पोट नगाऱ्यासारखं. बसवेना, उभं राहवेना, घाम फुटलेला, दात आवळलेले. मंडळीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ ओट्यावर जाऊन ओरडली, "मावशी, यांचं काहीतरी झालंय!"

ती आली. सदरा वर केला, बेंबीखाली एक बोट आडवं ठेवलं आणि दुसऱ्या बोटाने त्याच्यावर टकटक केलं, डॉक्टर करतात तसं. वर केलं तर पोकळ वाजलं. खाली केलं तर ढब, ढब. भरलेल्या पिंपासारखं.

"कधीपासून?"

"सकाळपासून," मी म्हटलं.

"पाणी किती प्यालात?"

मंडळीने सगळी यादी सांगितली. शहाळ्यांसकट. मालकीणबाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. हसावं की मारावं तिला कळेना.

"अहो चावीवाले! टाकी तुडुंब आहे! पुढची चावी आवळलीय, आणि तुम्ही वरून पंप लावलात?"

ते ऐकलं आणि मला कोपरीतला एक दिवस आठवला. नवीन माणसाने पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवून मागचा पूर्ण सोडला, आणि सांधा असा फुटला की समोरच्या दुकानातले मापाचे डबे रस्त्यावर वाहून आले. मी त्याला चारचौघांत गाढव म्हटलेलं.

"तो एनआरव्ही आहे ना," मी कण्हत म्हटलं, "वर नाही जायची."

"किती वेळ धरेल तो? पिशवी फुटेस्तोवर भरली की सगळं मागे दाबतं. नळ्या फुगतात. किडन्या फुगतात. मग बसा दिवाळी करत." एवढं बोलून ती थांबली. आवाज बदलला. "उठा. मी नाही हां परत बघणार ते. उठा."

दिव्याहून ठाण्याला रिक्षा. ज्याने तो रस्ता भरल्या पिशवीने केला नाही त्याला खड्डा म्हणजे काय ते माहीत नाही. मी मध्ये, दोघी दोन बाजूला. मालकीणबाई ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, पेशंटच्या पोटात दोन लिटर आहे. खड्डा बघून."

ड्रायव्हरने आरशात बघितलं. "मावशी, गाडीत नको हां. कालच सीट बदललीय."

"गाडीत झाली तर तुला पेढे देईन. होत नाही, हीच तर भानगड आहे."

शीळफाट्याला मी देवाचं नाव घेतलं, मुंब्र्याच्या बायपासला सासऱ्याचं, आणि कळव्याच्या पुलावर माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येत नाही. मालकीणबाई म्हणाली, "बोला, बोला. हे शब्द बरे येतात तुम्हाला. तेवढा एक येत नाही."

इस्पितळात तरुण डॉक्टर होता. हात लावला आणि म्हणाला, "आजोबा, नळी घालावी लागेल."

"नाही," मी म्हटलं. "गोळी द्या."

"गोळीने आत्ता उपयोग नाही."

"मग इंजेक्शन द्या. नळी नाही."

डॉक्टर समजावू लागला, मी मान हलवू लागलो. मंडळी रडायला लागली. तेव्हा मालकीणबाईने डॉक्टरला हाताने बाजूला केलं आणि माझ्या उशाशी वाकली. "कोपरीत लाइनीवर पिंपळ वाढला तर काय करायचात?"

"मूळ पाइपाला आवळतं," मी म्हटलं. "बाहेरून. पाइप चांगला असतो, पण चेपतो."

"तुमच्या पिशवीच्या तोंडाशी एक गाठ आहे. प्रोस्टेट. पुरुषाला असतेच, म्हातारपणी वाढते. मुळासारखी बाहेरून आवळलीय तिने नळी. तुमची लाइन चांगली आहे, चावीवाले. चेपलीय फक्त. आता लोकांच्या लाइनी आयुष्यभर मोकळ्या केल्यात, स्वतःची करू द्या."

तुमची लाइन चांगली आहे, हे जर तिने आधी सांगितलं असतं तर मी रिक्षातच हो म्हटलं असतं. पुढचं काही सांगत नाही. जळजळलं, मी दात आवळले, आणि मग जे झालं त्याला सुख म्हणतात. बायको, पोरं, पेन्शन सगळं एका बाजूला. मी डोळे मिटले तर कानावर तिचा आवाज आला, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा: "अकराशे! अजून चालू आहे!" आणि आजूबाजूच्या खाटांवरची म्हातारी माणसं, एकेकाला नळ्या लावलेल्या, माझ्याकडे असं बघायला लागली जणू मी शर्यत जिंकलीय. एकाने तर टाळी वाजवली. मी लाजेने चादर डोक्यावर घेतली आणि आतल्या आत हसलो.

डॉक्टर म्हणाला, अजून उशीर झाला असता तर किडन्यांचं सांगता आलं नसतं. चार दिवसांनी दुर्बिणीने ऑपरेशन झालं, नळीच्या वाटेनेच, पोट न कापता. त्यानंतर नळी काढायचा दिवस आला. सकाळी नळी काढली आणि डॉक्टरने सांगितलं, "दुपारपर्यंत स्वतःहून झाली तर ठीक. नाही झाली तर परत नळी, आणि ती घेऊनच घरी जायचं. किती दिवस, ते बघू."

म्हणजे पिशवी मांडीला बांधून चाळीत फिरायचं. मी मनाशी ठरवलं, तसं झालं तर गावाला निघून जायचं.

अकरा वाजले. बारा वाजले. मी तीनदा आत गेलो, तीनदा कोरडा परत आलो. मंडळी चहा आणायला गेलेली. मालकीणबाई बाथरूमच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसलेली, जशी ड्युटीवर.

"तुम्ही जा," मी आतून म्हटलं. "माणूस दाराशी बसल्यावर कशी होईल?"

"तीस वर्षं दाराशीच बसले. सगळ्यांची झाली. नळ सोडा थोडा, आवाज ऐका."

नळ सोडला. नळाला धार आली, मला नाही. मी भिंतीला डोकं टेकलं. खरं सांगतो, तेव्हा मला रडू आलं. एवढी वर्षं लोक माझी वाट बघत हंडे घेऊन उभे असायचे, मी म्हणेन तेव्हा पाणी सुटायचं. आणि आता हे.

बाहेरून ती हळू आवाजात म्हणाली, "घाई नका करू. ढकलू पण नका. पिशवीला कळतं कधी ते. तुम्ही फक्त आवळून धरू नका."

मी खांदे सोडले. जबडा सोडला. मला कळलंच नव्हतं की जबडा पण आवळलाय. आधी जळजळ, मग एक थेंब, मग दोन, मग थांबली. आणि मग आली. तरुणपणी यायची तशी नव्हे, पण सलग, न तुटता, वाकडी-तिकडी पण माझी. मी ओरडलो, एवढ्या मोठ्याने की शेजारच्या वॉर्डातली नर्स धावत आली:

"बाई! लघवी झाली! लघवी!"



मी दार उघडून आलो. ती स्टुलावरून उठून खिडकीशी गेली होती, माझ्याकडे पाठ, पदर डोळ्यांना लावलेला, खांदे हलत होते. मी खाकरलो. ती वळली नाही.

"हात धुतलेत का?" म्हणाली.

मी परत आत गेलो आणि हात धुतले.